धूर की थंडी?

२०२३ सालच्या मे महिन्यात आमच्या श्रीवर्धनला, ताईच्या घराच्या ओटीवर एक बैठक झाली. लग्नाची नव्हती, पण थाट तोच. भावोजी, त्यांचे दोन भाऊ, मुंबईहून मुद्दाम आलेला आमचा दादा, शेजारचे निवृत्त गुरुजी असे सगळे पुरुष ओटीवर. ताई आणि तिच्या जावा माजघरात. मी नेहमीप्रमाणे मधल्या दारात, ना आत ना बाहेर. विषय होता माझ्या भाचीचा. तिला इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता. फी शिष्यवृत्तीतून भागणार होती.

दोन तास बोलणं चाललं. ती काय शिकणार, शिकून काय करणार, यावर पाच मिनिटंसुद्धा खर्च झाली नाहीत. सगळा वेळ एकाच प्रश्नावर गेला. "ती राहणार कुठे? तिथं आपलं कोण आहे?"

प्रश्न साधा आहे आणि काळजीपोटीच विचारला जातो, हे मला मान्य आहे. पण या एका प्रश्नानं आपल्या किती मुलींच्या शिक्षणाची दिशा ठरते, हे आपण चळवळीतल्या बायकांनीही नीट पाहिलेलं नाही असं मला वाटतं. म्हणून हा लेख. भाचीला विचारून, तिनं वाचून होकार दिल्यावरच छापायला देते आहे.

बैठकीत तोडगा निघाला. दादाच्या कचेरीतल्या एकाच्या ओळखीचं मराठी कुटुंब त्या शहराच्या बाहेर राहत होतं. त्यांच्याकडे वरची खोली रिकामी होती. ते भाडं घेणार नव्हते. "घरातल्यासारखी राहील, थोडी मदत करील, एवढंच." ओटीवरच्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला. चहा झाला. भाची मात्र गप्प होती. रात्री ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मावशी, तूही अशीच कुणाकडे तरी राहिली होतीस ना? कसं होतं?"

मी तिला नेहमीचं उत्तर दिलं. चांगली माणसं होती, म्हटलं. आणि रात्रभर जागी राहिले.

आता खरं उत्तर सांगते. २००३ साली मी एका वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी उत्तर इंग्लंडमध्ये गेले. श्रीवर्धनहून म्हसळा-माणगाव मार्गानं एस.टी.नं मुंबई आणि तिथून विमान, एवढाच काय तो माझा प्रवासाचा अनुभव. तेव्हाही अशीच ओळख काढली गेली होती. वडिलांच्या मित्राच्या नात्यातलं कुटुंब. माणसं वाईट नव्हती. विमानतळावर न्यायला आली, पहिल्या दिवशी वरणभात केला. त्या भातानं मला रडू आलं होतं, हे मी विसरलेले नाही.

पण भाडं नव्हतं, म्हणून सकाळचा स्वयंपाक माझ्याकडे आला. मग मुलीला शाळेतून आणणं. मग शनिवारी पाहुणे, त्यांच्या पोळ्या. संध्याकाळी सातच्या आत घरी. माझ्या अभ्यासक्रमाची चर्चासत्रं संध्याकाळी असत, त्यातली अर्धी माझी बुडाली. दर रविवारी श्रीवर्धनला फोन जाई, आणि माझ्याआधी ते वडिलांशी बोलत. मी कुणाबरोबर दिसले, किती वाजता आले. माझ्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. कुणी कधी वाईट वागलं नाही, पण अकरा आठवडे मी दाराला खुर्ची लावून झोपले.

नोव्हेंबरात एकदा ग्रंथालयात उशीर झाला. घरी आल्यावर शब्दाला शब्द लागला आणि गृहस्थ म्हणाले, "जमत नसेल तर दुसरीकडे सोय बघ." चार दिवसांत मी बॅग घेऊन बाहेर पडले. विद्यापीठाच्या वसतिगृहात एकजण मध्येच शिक्षण सोडून गेली होती, तिची खोली मला मिळाली. केवळ नशीब.

तिथं दुसरंच संकट. पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या नावाची किल्ली हातात आली आणि दार लावून घेतल्यावर काय करायचं ते कळेना. थंडी मरणाची. भिंतीवरचा तापक ठरावीक वेळेलाच चालू होतो आणि त्याची वेळ आपण बदलू शकतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आठवडाभर मी अंगात कोट घालून झोपले. आठवडाभर कुणाशी बोलले नाही. मग एका रात्री धीर करून सामायिक स्वयंपाकघरात आमटीला फोडणी दिली, आणि धुराची घंटा वाजली. सगळं वसतिगृह, साठ-सत्तर मुलंमुली, रात्री साडेदहाला रस्त्यावर. कुणी टॉवेल गुंडाळलेली, कुणी अनवाणी. मी पळी हातात घेऊन उभी. त्या रात्री शेजारच्या खोलीतल्या केनियाच्या मुलीनं मला तापक कसा चालवायचा ते दाखवलं, खिडकी उघडून फोडणी द्यायला शिकवलं, आणि माझा भाडेकरार माझ्यासमोर बसून ओळीओळीनं वाचून दाखवला. मी तो न वाचताच सही केला होता.

वीस वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. का नाही, त्याकडे येतेच. आधी थोडं मागं जाऊ, कारण हा अनुभव माझ्या एकटीचा नाही.

आनंदीबाई जोशींचं नाव आपण सगळ्या घेतो. आमच्या जिल्ह्याशीही त्यांचा धागा आहे. गोपाळरावांची बदली अलिबागला झाली, तेव्हा त्या तिथं राहिल्या होत्या. १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. रोझेल या गावी कार्पेंटरबाईंच्या घरी त्यांना प्रेमाचा आसरा मिळाला. पण शिकायला फिलाडेल्फियाला जावं लागलं. तिथं कॉलेजमार्फत मिळालेल्या खोलीची हकीकत त्यांच्या चरित्रांतून कळते. शेकोटीची सोय धड नव्हती. पेटवली की खोलीभर धूर, न पेटवावी तर गोठवणारी थंडी. धूर किंवा थंडी, दोनांतून एक निवडा. वय अठरा. लुगडं नेसण्याची पद्धत त्यांनी थंडीसाठी बदलली, खोली बदलणं हातात नव्हतं. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला, बावीसही पुरी झालेली नसताना, क्षयानं गेल्या. एका खोलीमुळे त्या गेल्या असं मी म्हणणार नाही, म्हणायला आधारही नाही. पण त्यांच्या जिद्दीचे पोवाडे गाताना त्यांच्या खोलीबद्दल आपण मुलींना का सांगत नाही, असा प्रश्न मला पडतो.

त्याच वर्षी, १८८३ मध्ये, पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. आसरा मायेचा होता, पण त्या मायेला आज्ञापालनाची अट होती. काय खावं, काय मानावं, कुणाचं ऐकावं, यावरून रमाबाईंचा आणि सिस्टर जेराल्डिन यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. आपल्या सदसद्विवेकाला पटेल तेच मी करीन, हा रमाबाईंचा हेका त्या पत्रांत पानोपानी दिसतो. ज्यांच्या छताखाली राहतो त्यांच्याशी असं भांडायला किती बळ लागतं, हे अशा छताखाली राहिलेल्या मुलीलाच कळेल.

आणि रखमाबाई. त्यांचा सगळा खटलाच मुळी बाईनं राहायचं कुठे याबद्दलचा होता. बालपणी लागलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जायला त्यांनी नकार दिला. १८८७ साली मुंबईच्या न्यायालयानं सांगितलं, नवऱ्याच्या घरी राहायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. १८८८ साली तडजोड झाली आणि १८८९ मध्ये त्या डॉक्टरकी शिकायला लंडनला गेल्या. तिथं मॅक्लॅरन पतिपत्नींच्या घराचा त्यांना आधार मिळाला. १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या. नवऱ्याचं घर नको म्हणणाऱ्या बाईला शिकण्यासाठी दुसरं छप्पर मिळालं, म्हणून ती डॉक्टर झाली. ते मिळालं नसतं तर?

पुढच्या पिढीत इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला संशोधनासाठी गेल्या, तेव्हा त्यांच्या सासऱ्यांचा विरोध होता. सासरे कोण, तर महर्षी कर्वे. आमच्या बाणकोटच्या खाडीपलीकडच्या मुरुडचे. ज्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, पुढे हिंगण्याला नेला, बायकांचं विद्यापीठ उभं केलं, ते. चार भिंतींच्या आत मुलींना शिकवणं वेगळं आणि आपल्या घरच्या सुनेनं परमुलखात एकटीनं राहणं वेगळं, असाच याचा अर्थ ना?

आता आपल्या पुरुषांकडे पाहू. आमच्या किनाऱ्यावरून पुरुष परदेशी जाणं नवीन नाही. श्रीवर्धन-म्हसळ्याच्या कोकणी मुसलमान घरांतून पिढ्यान्‌पिढ्या पुरुष बोटींवर गेले, आखाती देशांत गेले. कुळवाडी, कोळी, सगळ्या जातींतले पुरुष मुंबईला गेले. एका खोलीत आठ-दहा जण पाळीपाळीनं झोपले. कोकणातल्या गावोगावच्या चाकरमान्यांनी वर्गणी काढून गिरणगावात गावकीच्या खोल्या घेतल्या. गावातून कुणीही पोरगा आला की वळकटी टाकायला जागा असे. "तिथं आपलं कोण आहे" हा प्रश्न त्यांच्याबाबतीत गावानंच मिळून सोडवला होता. मुलींसाठी वर्गणी काढून घेतलेली गावकीची खोली तुम्ही कुणी पाहिली आहे का? मी पाहिलेली नाही.

शिक्षण म्हणजे निम्मं वसतिगृह, हे आपल्याकडच्या थोर माणसांना चांगलं कळलं होतं. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं उघडली, ती काही हौस म्हणून नव्हे. शाळा कितीही मोफत केली तरी रात्री झोपायला जागा नसेल तर खेड्यातला मुलगा शिकणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आज हीच गोष्ट श्रीवर्धनहून मुंबईला जाणाऱ्या मुलीला लागू आहे आणि मुंबईहून मँचेस्टरला जाणाऱ्या मुलीलाही.

पण मुलीला जागा मिळते तेव्हा ती दोनच प्रकारची असते. एक, धुराची. नातेवाइकांचं, ओळखीच्यांचं घर. ऊब आहे, पण डोळे चुरचुरतात, श्वास मोकळा घेता येत नाही. दुसरी, थंडीची. एकटीची खोली, कुणी विचारणारं नाही, अडचण आली तर तू आणि तुझं नशीब. "स्वातंत्र्य हवं होतं ना, मग भोग." चांगली शेकोटी असलेली, धूर बाहेर जाईल अशी खोली मुलीला मिळू शकते, हे कुणाच्या मनातच येत नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. घरच्यांना जी जागा सगळ्यांत सुरक्षित वाटते, ती कायद्याच्या दृष्टीनं बहुतेक वेळा सगळ्यांत असुरक्षित असते. इंग्लंडचंच उदाहरण घ्या. घरमालक ज्या घरात स्वतः राहतो त्याच घरात, त्याचंच स्वयंपाकघर वापरून तुम्ही राहत असाल, तर तुम्ही पूर्ण हक्काच्या भाडेकरू ठरत नाही. तिथं त्याला 'लॉजर' म्हणतात. तुम्हाला काढायला मालकाला कोर्टाचा हुकूम लागत नाही. वाजवी मुदत दिली की झालं, आणि वाजवी म्हणजे काही वेळा अगदी थोडे दिवस. याउलट खाजगी मालकाची वेगळी खोली रीतसर करारानं घेतली, तर त्यानं घेतलेली अनामत रक्कम ३० दिवसांच्या आत सरकारमान्य संरक्षण योजनेत ठेवावी लागते. २०१९ च्या कायद्यानं ही अनामत सर्वसाधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. गॅसच्या उपकरणांची दरवर्षी तपासणी करणं मालकावर बंधनकारक आहे. न्यायालयात न जाता तो तुम्हाला बाहेर काढू शकत नाही.

म्हणजे मला ज्या रात्री "दुसरीकडे सोय बघ" असं सांगितलं गेलं, त्या रात्री मी कायद्यानंही जवळजवळ उघड्यावर होते. आणि श्रीवर्धनला माझे वडील निर्धास्त झोपले होते, कारण मी "आपल्या माणसांत" होते.

हे सगळ्या देशांत असंच आहे असं नाही. जर्मनीत वेगळे नियम, अमेरिकेत राज्याराज्याला वेगळे. पण करार कुणाच्या नावावर आहे, किल्ली कुणाची आहे आणि बाहेर काढायचा अधिकार कुणाला आहे, हे तीन प्रश्न सगळीकडे विचारता येतात. ते आपल्या घरातही विचारून पाहावेत.

"आपली माणसं" या शब्दांतही जात लपलेली असते, हे विसरून चालणार नाही. परदेशात एकत्र घर घेणाऱ्या आपल्या मुलामुलींमध्ये "शाकाहारीच हवी", "आडनाव काय" हे प्रश्न तिथंही विचारले जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला गेले. आधी हार्टली हॉल, मग कॉस्मोपॉलिटन क्लब, मग लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर, असे ते राहिले. पण १९१७ साली बडोद्याला नोकरीवर आले, तेव्हा त्याच माणसाला गावात राहायला जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमात नाव बदलून राहावं लागलं, आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावानं बाहेर काढलं. आपल्या देशातल्या दलित मुलीला "तिथं आपलं कोण आहे" हा प्रश्न परदेशी जाण्याच्या खूप आधी, पुण्या-मुंबईतच भेटलेला असतो.

इथं कुणी म्हणेल, भीती खोटी आहे का? नाही. जून २०२३ मध्ये, आमच्या घरात हे सगळं चालू असतानाच, मुंबईत चर्नी रोडजवळच्या शासकीय मुलींच्या वसतिगृहात एका विद्यार्थिनीवर अत्याचार करून तिचा खून झाला. ज्याच्यावर संशय होता तो त्याच वसतिगृहात रखवालीचं काम करणारा माणूस होता. ती बातमी वाचून ताईनं दोन दिवस जेवण सोडलं. पण या घटनेतून आपण काय शिकायचं? फाटक होतं, रखवालदार होता, सरकारी इमारत होती. फाटक आणि रखवालदार म्हणजे सुरक्षितता नव्हे. दाराला आतून कडी असणं, तक्रार केली तर ऐकून घेणारं कुणी असणं आणि जागा आवडली नाही तर दुसरी मिळणं, याला सुरक्षितता म्हणतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या समितीनं २०१३ सालच्या 'सक्षम' अहवालात स्पष्ट म्हटलं होतं की सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम लावू नयेत. २०१५ साली दिल्लीतल्या मुलींनी 'पिंजरा तोड' म्हणत हेच मागितलं. आपल्या किती वसतिगृहांत हे पोहोचलं आहे, ते आपापल्या गावात जाऊन पाहावं.

आता ओटीवर परत येते. त्या ओळखीच्या कुटुंबाची चौकशी, त्यांच्या चौकशीची चौकशी, यात जून उलटला. विद्यापीठाची अट अशी होती की ३० जूनच्या आत अर्ज केला तर परदेशी विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी वसतिगृहात खोलीची हमी. अनेक विद्यापीठांत असं असतं. भाचीनं ते पत्र सगळ्यांना दाखवलं होतं. कुणी वाचलं नाही. "आपली माणसं असताना कशाला?" तारीख गेली, आणि तिच्या सही-शिक्क्यानं मिळू शकणारी एकमेव जागा आमच्या काळजीनं घालवली.

जुलैमध्ये दुसरी बैठक झाली. या वेळी मी मधल्या दारातून उठून ओटीवर जाऊन बसले आणि माझे अकरा आठवडे सांगितले. खुर्ची लावून झोपण्यासकट. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग भावोजींनी विचारलं, "तेव्हाच का नाही सांगितलंस?"

मी म्हटलं, "सांगितलं असतं तर तुम्ही मला परत बोलावलं असतं. आणि माझ्यामागून कुठल्याच पोरीला पाठवलं नसतं."

मैत्रिणींनो, आपल्या गप्प बसण्याचं कारण हेच आहे. पहिली गेलेली मुलगी तक्रार करत नाही, कारण तिच्या तक्रारीचा दंड मागच्या मुलींना भरावा लागतो. म्हणून ती "चांगली माणसं होती" म्हणते. आणि मागची मुलगी त्याच खोलीत, त्याच खुर्चीमागे झोपते. माझं गप्प बसणं मला त्याग वाटत होतं. त्याचा उपयोग कुणाला झाला, हे त्या दिवशी ओटीवर मला समजलं.

भाची शेवटी गेली. विद्यार्थी संघटनेच्या सल्ला केंद्राच्या मदतीनं तिनं इतर तीन मुलींबरोबर एका घरात खोली धरली. मालकानं तिथला जामीनदार मागितला, तो नाही म्हटल्यावर सहा महिन्यांचं भाडं आगाऊ. (२०२५ साली तिथं भाडेकरूंच्या हक्कांचा नवा कायदा संमत झाला आहे. आगाऊ भाडं एका महिन्यापुरतं मर्यादित करण्याची तरतूद त्यात आहे. तेव्हा ती नव्हती.) एवढे पैसे कुठून आणायचे? ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात ताईच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झालेल्या. नवी पोफळ लावली तरी सुपारी लागायला सहा-सात वर्षं. वाडी तारण ठेवावी, तर सातबारावर चार भावांची नावं, ताईचं नाही. आमच्या माहेरच्या वाडीवरही आम्हा दोघींची नावं नाहीत. १९९४ साली महाराष्ट्रानं आणि २००५ साली केंद्रानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा वाटा दिला, त्यावर मी गावोगाव शिबिरं घेतली. आणि दादानं कागद पुढे केल्यावर हक्कसोडपत्रावर मुकाट्यानं सहीही केली. हे लिहिताना लाज वाटते, पण लपवून काय उपयोग? ताईच्या स्वतःच्या अशा दोन पाटल्या होत्या. त्या बँकेत गहाण पडल्या, आणि भाचीला खोली मिळाली.

जायच्या आधी मी, ताई आणि भाची, तिघींनी ओटीवर बसून तो करार वाचला. भाची इंग्रजीतून वाची आणि मराठीत सांगे. एका कलमावर ताई अडली. चौघींनी मिळून एकच करार केला, तर एकीनं भाडं बुडवल्यास ते बाकीच्यांनी भरायचं. ताई बचत गटाची अध्यक्ष आहे. ती लगेच म्हणाली, "हे आमच्या गटाच्या कर्जासारखंच की. मग त्या तिघी कोण, ते आधी विचार." दहावीपर्यंत शिकलेल्या बाईनं जे विचारलं ते ओटीवरच्या एकाही पदवीधरानं विचारलं नव्हतं. भाचीनं विचारलं, आणि प्रत्येकीचा वेगळा करार करून घेतला.

यातून मला ज्या मागण्या सुचतात त्या मांडते. तुम्ही त्यात भर घाला.

शिष्यवृत्ती देणाऱ्यांनी अनामत आणि पहिल्या तीन महिन्यांचं भाडं मुलगी निघण्यापूर्वी द्यावं. आधी खर्च करा, पावत्या पाठवा, मग बघू, ही पद्धत ज्याच्या घरी पैसा आहे त्याच्यासाठीच आहे. तिथं गेलेल्या, राहून आलेल्या बायकांनी साखळी करावी. नव्या मुलीला उतरवून घ्यावं, खोली बघून द्यावी, तापक दाखवावा, पण घरी अहवाल पाठवू नये. ही शेवटची अट सगळ्यांत महत्त्वाची. आपल्या किशोरींच्या शिबिरांत रक्तगट आणि आहार शिकवतो, तसा एक भाडेकरार आणून वाचायला शिकवावा. तो परदेशापुरता नाही, पनवेलच्या खोलीलाही लागेल. प्रत्येक तालुक्यात मुलींचं वसतिगृह हवं आणि त्याचे नियम मुलांच्या वसतिगृहासारखेच हवेत. आणि घरातलं म्हणाल, तर मुलीला परदेशी पाठवण्याआधी स्वतःच्या घराची एक किल्ली तरी तिच्या हाती द्यावी. आमच्याकडे किल्ली मुलाकडे असते. मुलगी येईल तेव्हा घरात कुणीतरी असतंच, म्हणून.

भाची शिकून परत आली. आता जिल्ह्यातच आरोग्याचं काम करते. पहिल्या रात्रीबद्दल तिनं मला लिहिलं होतं, ते तिच्या परवानगीनं सांगते. खोली लहान होती, खिडकीतून शेजारच्या घराची भिंत दिसत होती. तिनं दार लावलं, आतून कडी घातली. मग उठून कडी काढली, परत घातली. असं तीन-चार वेळा केलं. मग तापक चालू केला आणि झोपली.

ताईच्या पाटल्या अजून पूर्ण सुटलेल्या नाहीत. एक सुटली आहे.

तुमच्या गावातून शिकायला बाहेर गेलेल्या मुली कुठे आणि कशा राहिल्या, त्यांना विचारा. "चांगली माणसं होती" हे उत्तर आलं तर थोडं थांबा, आणि पुन्हा विचारा.